आधी निदानाचे पैसे द्या, मग दुरुस्तीचे

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २०१२ची पेट्रोल हॅचबॅक, लाखाच्या वर पळालेली. चोपड्याहून जळगावला दुपारचं येताना, गाडी चांगली वेगात असतानाच तापमानाचा काटा वर चढतो. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, "हेड गॅस्केट गेलं" (इंजिनचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) म्हणाला, अठरा हजारांचा अंदाज दिला आणि त्यातले दहा हजार आधी मागितले. पुतण्याचं म्हणणं, यूट्यूबवर सगळं आहे, काका, आपण अंगणातच करू. तेव्हा कोणत्या कामाचे मिस्तरीला पैसे द्यावेत, कोणतं काम घरी करावं आणि आगाऊ रक्कम द्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

माझं स्वतःचं गॅरेज आहे. म्हणजे या भांडणात मी एका बाजूचा माणूस आहे, तेवढं धरून वाचा.

वरवर हा "घरी की गॅरेजात" असा प्रश्न दिसतो. पण तुम्ही जे लिहिलंय त्यात एक गोष्ट कुठेच नाही: गॅस्केट गेलं हे त्याने कशावरून ठरवलं? कुठली टेस्ट केली? गाडीला काय झालंय ते अजून कोणी शोधलेलंच नाही. त्यामुळे अठरा हजारही अंदाज, पुतण्याचा व्हिडिओही अंदाज. चुकीचं काम कोणीही केलं तरी चुकीचंच, मग ते फुकट होवो की अठरा हजारांत.

पुतण्या जे व्हिडिओ बघतो त्यांतले बहुतेक अमेरिकेतले असणार. तिथे मिस्तरीच्या एका तासाला शंभर डॉलरच्या पुढे पडतात, म्हणून दोनशे डॉलरचे पाने विकत घेऊन माणूस घरी ब्रेक पॅड बदलतो आणि एकाच कामात पाने वसूल होतात. आपल्याकडे गणित उलटं आहे. जळगाव-धुळ्याच्या साध्या गॅरेजात बिल उघडून बघा, त्यात मजुरी लहान असते आणि स्पेअरचा आकडा मोठा. मजुरी वाचवायला तुम्ही जॅक, स्टँड, गोटी पान्यांचा सेट, टॉर्क रेंच असं घेत बसलात तर गाडी विकायची वेळ येईल तरी ते पैसे फिटणार नाहीत. खान्देशात गाडीवाल्याचे पैसे जातात ते न लागणारे पार्ट बसवण्यात. वाचवायचे तर तिथे वाचवा.

आता न लागणारे पार्ट का बसतात? त्याला मिस्तरी जबाबदार आहे, आणि गिऱ्हाईकही. मी तासभर गाडीखाली घालवून दोष शोधला, सांगितलं की एक पाइप सैल आहे, क्लिप आवळून दिली आणि तीनशे रुपये मागितले, तर समोरचा म्हणतो, "नुसतं बघितलं त्याचे पैसे कसले, भाऊ?" तोच माणूस वॉटर पंप बदलून दिला की चार हजार मुकाट्याने देतो. शेतात बोअर मारण्याआधी पाणाड्याला आपण दक्षिणा देतो, पाणी लागो न लागो. मीटर लावून, दाब मोजून दोष दाखवणाऱ्याला मात्र काही द्यायचं नाही. मग तोही शहाणा होतो. शोधण्याचा वेळ तो पार्टच्या कमिशनमधून काढतो. स्पेअरच्या दुकानातून गॅरेजवाल्याला काही टक्के सुटतात हे उघड गुपित आहे, मलाही सुटतात. त्यात मला लबाडी वाटत नाही. पण ज्याचं पोट पार्टवर चालतं त्याला पार्ट बदलायचा मोह होणारच, हे समजून घ्या.

म्हणून माझं सरळ सांगणं: गॅरेजात गेल्यावर आधी म्हणा, "फक्त तपासा, तपासायचे वेगळे पैसे देतो, काम नंतर ठरवू." तीनशे, पाचशे, स्कॅनर लावला तर थोडे जास्त. हे वाक्य ऐकून जो मिस्तरी खूश होतो तो तुमचा माणूस. जो म्हणतो "तपासायचं काय त्यात, मला बघूनच कळतं", त्याच्याकडून गाडी परत घ्या.

तुमच्या गाडीचंच बघू. "गाडी तापी ऱ्हायनी" एवढंच सांगून गाडी सोडून जाणारे खूप भेटतात. तुम्ही किमान वेगात असताना तापते हे सांगितलंत, ते फार कामाचं आहे. जळगावात सिग्नलला, गर्दीत उभी असताना तापली असती तर मी आधी रेडिएटरच्या पंख्यावर, तो चालू-बंद करणाऱ्या रिलेवर संशय घेतला असता. पण सत्तर-ऐंशीच्या वेगाला समोरचा वाराच पंख्याचं काम करतो. तेव्हा गाडी तापते म्हणजे बहुधा कूलंट (इंजिन गार ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी) कमी आहे, किंवा रेडिएटर आतून-बाहेरून चोंदलाय, किंवा थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाण्याला वाट देणारी झडप) पुरता उघडत नाही, किंवा वॉटर पंप पाणी ढकलत नाही. गॅस्केटही असू शकतं, नाही म्हणत नाही. पण ते या यादीत पहिलं नाही.

यातलं निम्मं तुम्ही स्वतः, एक रुपया न घालवता बघू शकता. सकाळी गाडी पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण उघडा. (गरम असताना कधीच नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल झालं की उसळून तोंडावर येतं.) पाणी काठोकाठ आहे का? रंग हिरवा, लाल, निळा जो मूळचा होता तो आहे का गंजाचा तांबूस? पाणी कमी झालं की तुम्ही वरून काय टाकत होतात? आपल्याकडे नव्वद टक्के लोकांचं उत्तर "बोअरचं पाणी" असं येतं, आणि बोअरच्या पाण्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, जसा तो गीझरच्या कॉइलवर बसतो. कूलंट हा इथिलीन ग्लायकॉलचा असतो, तो डिस्टिल्ड पाण्यात निम्मे-निम्मे मिसळून टाकायचा. थंडीत गोठू नये म्हणून तो लागतो, आपल्याला काय गरज, असं म्हणणारे मिस्तरी अजून आहेत. त्यांना भुसावळचा मे महिना माहीत असूनही ते असं बोलतात याचं मला नवल वाटतं. कूलंटने उकळबिंदू वर जातो आणि गंज थांबतो, आपल्याला तो त्यासाठी लागतो.

मग झाकण हातात घ्या. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा. या दाबामुळे आतलं पाणी शंभरऐवजी जवळपास १२० अंशांना उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं, चिरलं की दाब धरत नाही आणि पाणी आधीच उकळून बाहेर पडतं. काही शे रुपयांचं झाकण, पण त्यापायी हेड उघडलेल्या गाड्या मी बघितल्यात.

शेवटी पुढच्या जाळीतून टॉर्च मारा. रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो, त्याच्या पात्यांत किडे, धूळ आणि दिवाळीनंतरच्या हंगामात कापसाचे तंतू अडकतात. जिनिंगच्या रस्त्याने रोज जाणाऱ्या गाडीवर तर गोधडीसारखा थर असतो. साध्या नळाच्या धारेने धुवा. प्रेशर वॉशरची धार जवळून मारली की पाती वाकतात आणि वाराच बंद होतो.

हे सगळं ठीक निघालं तर गॅरेज. आणि तिथे मागायचं ते असं: "गॅस्केटची लीक टेस्ट करून दाखवा." एका नळीत निळं द्रव असतं, ती रेडिएटरच्या तोंडावर धरून इंजिन चालू ठेवतात. सिलिंडरमधला जळका वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. हे साहित्य नसेल तर ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर, गार इंजिन सुरू करताच रेडिएटरमध्ये बुडबुडे, ही लक्षणं तरी त्याने दाखवावीत. यातलं काहीच न दाखवता गॅस्केट म्हणत असेल तर दहा हजार खिशातच ठेवा.

एक सावधगिरी. कोणी "थर्मोस्टॅट काढून टाकतो, गाडी गार राहील" म्हणालं तर हो म्हणू नका. आपल्या भागात हा उपाय फार लोकप्रिय आहे. काटा खाली येतो हे खरं, पण इंजिन कधी नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त खातं, आणि मूळ दोष झाकला जातो. नव्या गाड्यांत तर पी ०१२८ असा कोड पडून इंजिनचा दिवा लागतो.

टेस्टमध्ये गॅस्केट खरंच गेलेलं निघालं तर मात्र पुतण्याला थांबवा. हेड काढल्यावर ते वाकलंय का हे सरळपट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावं लागतं. त्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागांची बाब असते. वाकलं असेल तर फेसिंगला, म्हणजे मशिनवर घासून सपाट करायला, द्यावं लागतं. हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने, आधी टॉर्कवर, म्हणजे ठरलेल्या जोराने, आणि मग अंशांच्या कोनात आवळायचे असतात. अनेक इंजिनांत ते बोल्ट एकदाच वापरायचे असतात. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्या हालचालीचं टायमिंग जुळलं नाही तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकू शकतात. अंगणात, ४४ अंश उन्हात, रविवारी, जेव्हा स्पेअरची बरीच दुकानं बंद असतात, हे काम काढणं म्हणजे सोमवारी शाळेला एसटीने जाणं आलंच. मजुरी देण्यासारखं काम हेच.

बाकीच्या कामांचं कसं ठरवायचं? मी कामाच्या अवघडपणावरून ठरवत नाही. काम चुकलं तर काय होईल, ते बघतो. एअर फिल्टर चुकीचा बसला तर कोणाच्या जिवावर बेतत नाही, काढून पुन्हा बसवता येतो. म्हणून एअर फिल्टर, एसीचा केबिन फिल्टर, वायपर, फ्यूज, बल्ब, बॅटरीचे टर्मिनल साफ करणं, ही कामं तुमची. पुतण्याला इथे हात साफ करू द्या. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, लावताना शेवटी निगेटिव्ह, आणि हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही, एवढं सांगा. एक साधा मल्टिमीटर घेऊन ठेवा. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि इंजिन चालू केल्यावर १४च्या आगेमागे जाते. चालू गाडीत आकडा वाढतच नसेल तर नवी बॅटरी घालून उपयोग नाही, दोष बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा किंवा त्याच्या वायरिंगचा. एवढं एक माप माहीत नसल्याने आपल्याकडे उन्हाळ्यात किती बॅटऱ्या विनाकारण विकल्या जातात!

ऑइल बदलणं घरी जमतं, पण मी सुचवत नाही. मजुरी थोडी असते आणि संपच्या (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) बोल्टचे आटे गेले की नवा संप. जळकं ऑइल टाकणार कुठे, हाही प्रश्न आहे. गटारात किंवा बांधावर ओतू नका. स्पार्क प्लगचंही तेच. हेड ॲल्युमिनियमचं असतं, प्लग तिरका शिरला आणि जोर लावला की हजारोंचा खड्डा. पुतण्याला शिकायचंच असेल तर एखाद्या शांत सकाळी गॅरेजात उभा राहून बघू द्या. चांगला मिस्तरी शिकणाऱ्याला हाकलत नाही.

ब्रेक, स्टीअरिंग, सस्पेन्शन मात्र गॅरेजातच. यूट्यूबवर ब्रेक पॅड हे सोप्यातलं सोपं काम म्हणून दाखवतात, आणि पॅड बदलणं खरंच सोपं आहे. पण पॅडसोबत कॅलिपरची (पॅड दाबणाऱ्या भागाची) पिन अडकलीय का, होजला भेगा आहेत का, ब्रेक ऑइल किती जुनं आहे, हे ओळखायला सवयीची नजर लागते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ दर्जाचं ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळायला नको असतं, ओल धरल्यावर तो किमान आकडा १५५वर येतो. कन्नडहून चाळीसगावकडे घाट उतरताना किंवा नवापूरकडे कोंडाईबारी उतरताना सारखा ब्रेकवर पाय ठेवला की एवढी उष्णता सहज होते, ऑइलमध्ये वाफ धरते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. दोन वर्षांनी ऑइल बदला, बिल काहीही होवो. आणि कोणतंही काम असो, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही.

एअरबॅगची पिवळी वायर, इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाडीची केशरी केबल, सीएनजी किट, यांना तर साध्या गॅरेजातही हात लावू देऊ नका. सीएनजीच्या टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी लागते, ती मान्यताप्राप्त ठिकाणीच. एसीबद्दल एक वाक्य: गॅस हा पेट्रोलसारखा संपत नाही. दर उन्हाळ्यात "गॅस भरावा लागतो" म्हणजे कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता नुसता गॅस भरणाऱ्याला दरवर्षी पैसे देत राहाल.

यात परिस्थितीचा वाटा मोठा आहे हे कबूल. गाडी वॉरंटीत असेल तर माझ्याकडेही आणू नका, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या. अपघाताची असेल तर विमा कंपनीला कळवण्याआधी एक नटही सोडवू नका. घरात दुसरी गाडी असेल, पत्र्याखाली सपाट फरशी असेल, तर घरी करायच्या कामांची यादी थोडी लांबवता येते. रोज त्याच गाडीने नोकरी गाठायची असेल तर आखूड करा.

आता आगाऊ पैशांचं. पार्टसाठी आगाऊ मागणं गैर नाही. आमच्यासारख्यांकडे भांडवल कमी असतं, आणि पार्ट आणल्यावर गाडी न नेणारेही असतात. पण रक्कम पार्टच्या किमतीएवढीच, आणि शक्य असेल तर थेट स्पेअरच्या दुकानात. मिस्तरीची चिठ्ठी घ्या, त्याच्या पोराला सोबत घ्या, दुकानात जाऊन एमआरपी बघून पैसे द्या, बिल तुमच्या नावाने घ्या. मजुरी काम झाल्यावर, तुमच्या बाबतीत तर त्याच रस्त्यावर तेवढ्याच वेगाने फेरी मारून काटा बघितल्यावर. स्वतः बाहेरून स्वस्तातला पार्ट आणून दिलात तर तो खराब निघाल्यावर मजुरी पुन्हा द्यावी लागेल, त्यात मिस्तरीशी वाद घालू नका. जुना पार्ट परत मागा. बदललाच नसेल तर तिथेच कळतं.

काम मान्य करून, झाल्यावर पैशांवरून अडवलंत तर मात्र गाडी रोखून धरायचा हक्क मिस्तरीला आहे. १८७२च्या करार कायद्याचं कलम १७० त्याच्या बाजूने उभं राहतं. म्हणून आकडा आधी ठरवा आणि व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: काय करणार, कोणता पार्ट, ओरिजिनल की लोकल, मजुरी किती, जास्त निघालं तर विचारूनच. तुमच्या बाजूने २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. बिल न देणं ही त्यात अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगात विनाशुल्क करता येते. कागद नसेल तर मात्र दोन्हीकडे तुम्ही नुसते बोलत बसाल.

शेवटचा हिशेब गाडीच्या वयाचा. २०१२ची गाडी म्हणजे २०२७मध्ये १५ वर्षं भरतात, मग नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर. गॅस्केटच गेलं असेल, वर हेडही वाकलं असेल, आणि गाडी पुढच्या वर्षी काढायचीच असेल, तर अठरा हजार घालण्याआधी गाडी आहे तशी कितीला जाते ते दोन ठिकाणी विचारा. पण बॉडी सडलेली नसेल आणि इंजिन एरवी ऑइल खात नसेल तर मी दुरुस्तीच करेन. या रकमेत दुसरी भरवशाची गाडी मिळत नाही.

तोवर चोपडा-जळगाव सकाळी उन्हाआधी करा, गाडीत पाच लिटर साधं स्वच्छ पाणी ठेवा. काटा चढायला लागला की एसी बंद, काचा खाली, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात. घाम निघेल, पण इंजिनची उष्णता तेवढी बाहेर येते. तरीही चढत राहिला तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा आणि अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका. टेस्टमध्ये रंग काय आला ते कळवा, त्यावरून अठरा हजारांतले किती खरे ते सांगतो.